केसरियाचा डूख

वागाराम रायक्याला उंटाची भीती वाटायची, आणि हे त्याने पन्नाशी उलटेपर्यंत कुणाला कळू दिलं नव्हतं.

आमच्या भागात ही गोष्ट कुणाला खरीच वाटली नसती. रायक्याचं पोर रांगायला लागतं तेच उंटांच्या पायांमधून. पार्वतीने खेळता खेळता मातीचा उंट केला, तिच्या हट्टापायी महादेवाने त्यात जीव फुंकला, आणि तो उंट कुणालाच आवरेना तेव्हा महादेवाने आपल्या कातडीचा आणि घामाचा पहिला रायका घडवला, असं म्हातारी माणसं सांगतात. म्हणजे रायक्याचा जन्मच मुळी या जनावरापायी झालेला. तोच जर उंटाला भ्यायला लागला, तर जातीच्या पंगतीत त्याने कुठल्या तोंडाने बसायचं?

भीती बसली ती लहानपणी. वागाराम तेव्हा सहा-सात वर्षांचा असेल. थंडीचे दिवस होते, ऊन नुकतं वर आलं होतं आणि तो शेळ्यांसाठी पाला काढायला खेजडीवर चढला होता. खालून त्याचे वडील धूळाजी माजावर आलेल्या नराला पाण्यावर नेत होते. काही दिवसांपूर्वी हा नर सांडण्यांच्या, म्हणजे उंटिणींच्या, कळपात घुसला म्हणून धूळाजींनी त्याच्या तोंडावर काठी हाणली होती. ते तर विसरूनही गेले होते. चालता चालता नराने मान वळवली, धूळाजींचा कोपर तोंडात धरला आणि वर उचलला. बापाचे दोन्ही पाय जमिनीवरून सुटलेले वागारामने पाहिले. वाळलेलं लाकूड मोडावं तसा आवाज झाला. पोराला ओरडायचं होतं, पण घशातून वारासुद्धा बाहेर पडेना. चुलत्यांनी धावत येऊन नराच्या डोळ्यांवर घोंगडी टाकली, तेव्हा कुठे धूळाजी सुटले. त्या गडबडीत झाडावरच्या पोराकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. उतरवायला गेले तेव्हा त्याची बोटं फांदीवरून सुटेनात.

धूळाजींचा हात कोपरापासून गेला. एका हाताने ते पुढे कितीतरी वर्षं जगले, कळप राखला, मुलींची लग्नं केली. त्या उंटाला मात्र त्यांनी कधी बोल लावला नाही.

"चूक माझी," ते म्हणायचे. "मी त्याला मारलं आणि विसरून गेलो. तो विसरला नाही. उंटाने डूख धरला, की त्याचा राग आपणच काढून द्यायचा असतो."

"कसा काढायचा, बापू?"

"अंगावरचे कपडे काढून त्याच्या पुढ्यात टाकायचे. आपल्या घामाचे. तो वास घेतो, तुडवतो, फाडतो. त्याला वाटतं माणूसच तुडवला. मग मन मोकळं होतं त्याचं."

वागारामने मान डोलावली, आणि मनात ठरवून टाकलं, की आपण नराच्या वाटेला जायचंच नाही.

आणि ते त्याने बऱ्यापैकी निभावलंही. सांडण्यांबरोबर तो छान असायचा. त्या त्याच्या हाकेसरशी उठायच्या, पिल्लू अडलं तर त्यालाच जवळ येऊ द्यायच्या. नर पिल्लं मात्र तो मोठी होण्याआधीच जत्रेत नेऊन विकायचा. पौष लागला, की सांडण्या फळवायला चुलतभावाचा नर आमच्याकडच्या ढाणीवर, वस्तीवर, यायचा. तेवढे दिवस वागारामला नेमकं जैसलमेरला काम निघायचं, नाहीतर ताप भरायचा. ताप खोटा नसायचा. अंग खरंच तापायचं, दात वाजायचे. मग नराचं सगळं त्याची बायको पेपी बघायची. ती बुटकी, दणकट बाई होती. नराच्या वेसणीला हात घालताना ती त्याच्याशी भाजीवालीशी भांडावं तशी भांडायची, आणि तो मुकाट तिच्यामागून चालायचा.

पुढे कळपच राहिला नाही. चराईची देवराई होती तिथे तारेची कुंपणं लागली, टेकडीवर पवनचक्क्या आल्या, रोगाने काही जनावरं गेली. मुलगी संतू लग्न होऊन बाडमेरकडे गेली. नवरा-बायको आणि चार सांडण्या एवढंच उरलं होतं, तेव्हा एक दिवस जीपमधून नरपतसिंह आला. तरुण पोरगा, ठाकुरांच्या घरातला म्हणून सगळे त्याला बन्ना म्हणत, शहरात शिकलेला. वाळूच्या टेकड्यांपलीकडे पाहुण्यांसाठी एक मोठं रिसॉर्ट उभं राहिलं होतं, त्याचा तो मॅनेजर.

"ढाणी बांधलीय आम्ही," तो खाटेवर बसत म्हणाला. "शेणामातीच्या गोल झोपड्या, वर गवताचं छप्पर, मधे चौक, जातं, चूल, शेळ्या, सगळं आहे. गाव बांधून झालंय, वागाजी. आता माणसं हवीत."

"कसली माणसं?"

"गावात असतात तसली."

पेपी हसली. वागारामही हसला. पण त्या वर्षी पाऊस झाला नव्हता, आणि दिवाळी झाल्यावर दोघं आपल्या सांडण्या घेऊन तिथे राहायला गेले.

आसपासचे लोक तिला खोटी ढाणी म्हणत. झोपड्या बाहेरून मातीच्या, आत थंड हवेचं यंत्र. पेपीने एका झोपडीपुढे बसून बाजरी दळायची, सोगरे थापायचे, पाहुण्यांना लोण्याबरोबर द्यायचे. वागारामने लाल फेटा आणि पांढरं अंगरखं घालून सांडण्यांवरून पाहुण्यांना टेकडीपर्यंत फिरवून आणायचं. कमायचा नावाचं तंतुवाद्य वाजवणारा मेहरदीन मांगणियार चौकात गायचा. तो वागारामहून लहान होता, त्याला काका म्हणायचा आणि दिवसभर त्याची टर उडवायचा. ही मंडळी पाहुण्यांच्या झोपड्यांमागे एका साध्या पत्र्याच्या चाळीत राहायची. वागारामला तिथे बरं वाटायचं. चार सांडण्या, ओळखीची वाट, नर कुठे दृष्टीस पडायचा नाही.

पुढच्या वर्षी नरपतसिंहाने नागौरच्या जत्रेतून केसरिया नावाचा उंट आणला.

ट्रकमधून तो उतरला तेव्हा सगळे कामधंदा टाकून बघायला आले. उंच, तांबूस रंगाचा, मानेवर दाट केस, नाकपुड्या बंद-उघड करत चहूकडे बघणारा. वागाराम लांबच उभा राहिला.

"कसा आहे, वागाजी?"

"बन्ना, हा नर आहे."

"मग? सांडणीवर बसून फोटो बरा येत नाही, पाहुणे म्हणतात. नर काय खातो का माणसाला?"

"पौषात..." वागाराम अडखळला. "पौषात जरा जपावं लागतं."

"जपायला तुम्ही आहात की. रायक्याला मी काय शिकवू?" नरपतसिंहाने वेसणीची दोरी त्याच्या हातात दिली.

दोरी हातात आली आणि वागारामने ती अगदी टोकाशी धरली.

उन्हाळा बरा गेला. केसरिया शांत होता, थोडा आळशीही. वागाराम त्याच्यापासून एक हात अंतर ठेवून चालायचा आणि खोगीर बांधताना काहीतरी निमित्त काढून पेपीला बोलवायचा. थंडी सुरू झाली तसं जनावर बदललं. आधी त्याने खाणं सोडलं. मग रात्रंदिवस दात खायला लागला. कानांमागून काळा, उग्र वासाचा घाम झिरपायला लागला. तोंडाला फेस आला, आणि मधेच जबड्याच्या कडेने टाळूच्या मांसाचा गुलाबी फुगा बाहेर लोंबायचा, घशातून पाण्यात हवा सोडल्यासारखा गुडगुड आवाज यायचा. पाहुणे त्या फुग्याचे फोटो काढायचे. वागारामला तो आवाज चाळीत झोपतानाही ऐकू यायचा.

"बन्ना, याला महिनाभर लांब बांधून ठेवू या," तो एकदा म्हणाला.

"हाच तर सीझन आहे, वागाजी. ख्रिसमस, नवीन वर्ष, मरुमेळा. आत्ता बांधून ठेवला तर आणला कशाला?"

एके दिवशी ऊन कलताना एक नवी नवरी त्याच्याबरोबर फोटो काढून घ्यायला आली. हातभर लाल चुडा, पायात उंच टाचा. वागारामने केसरियाला चौकाच्या कडेला धरून उभं केलं होतं. मुलगी हसत हसत जवळ आली आणि पाठमोरी उभी राहिली. केसरियाने मान लांबवली. कदाचित तिच्या केसांतल्या गजऱ्याचा वास घ्यायचा असेल. पण वागारामला त्या क्षणी मुलगी दिसलीच नाही, त्याला बापाचा कोपर दिसला. त्याने दोन्ही हातांनी वेसण खाली ओढली आणि काठी उंटाच्या नाकाडावर घातली. एकदा नाही, तो घालतच राहिला. वेसणीच्या भोकातून रक्त आलं. मुलगी किंचाळून मागे सरली. केसरिया ओरडला नाही, हलला नाही. डोळे मिटून मार खाल्ला आणि मग डोळे उघडून वागारामकडे बघितलं.

वागारामच्या हातातली काठी गळून पडली.

नरपतसिंह त्याला बाजूला घेऊन दबक्या आवाजात बोलला. "पाहुण्यांसमोर जनावराला मारता? सगळे मोबाईल काढून बसलेत. आत्ता जगभर दिसेल ते."

"तिला चावला असता."

"तो वास घेत होता. मीसुद्धा बघितलं." तो निघून गेला.

मेहरदीन आपला कमायचा पिशवीत घालत होता. तो नेहमीसारखं हसला, पण डोळे हसले नाहीत. "काका, त्याने कसं बघितलं तुमच्याकडे. तुमचा चेहरा पाठ करून ठेवला त्याने."

"गप रे."

"मी गप बसेन. त्याला कोण गप बसवणार?"

त्या दिवसापासून केसरिया वागारामच्या येण्याची चाहूल घ्यायला लागला. इतरांपुढे तो रवंथ करत बसायचा, आणि वागाराम नजरेच्या टप्प्यात आला की जबडा थांबायचा. मान त्याच्याबरोबर वळायची, तो जाईल तिकडे. वागाराम वाऱ्याची दिशा बघून वाट बदलायला लागला. चारा भिंतीच्या आडून टाकायचा. जेवताना घास तोंडात फिरायचा. चौकातून जाताना तो नकळत डावा कोपर उजव्या हाताने धरायचा.

"झालंय काय तुम्हाला?" पेपीने विचारलं. "दोन सोगऱ्यांचा माणूस अर्धा सोगरा खातोय."

"थंडी बाधलीय."

"दर पौषात बरी बाधते."

त्याला बापूंचं बोलणं आठवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी, पाहुणे जेवत असताना, त्याने अंगावरचा लाल फेटा आणि पांढरं अंगरखं काढलं, त्यात गवत भरलं आणि भिंतीवरून केसरियाच्या पुढ्यात लोटून दिलं. स्वतः फटीतून बघत बसला. केसरिया उठला. त्याने ते गाठोडं हुंगलं, ओठाने एकदा उलटवलं. मग त्यातलं गवत तेवढं खाल्लं आणि पुन्हा बसला.

मग वागारामला उमगलं. ते कपडे रिसॉर्टचे होते. रोज संध्याकाळी धोबी न्यायचा आणि सुवासिक पावडरीत धुऊन परत आणायचा. त्याला माणसाचा वासच नव्हता. आपले स्वतःचे कपडे आणावेत तर ते अंगातच होते, थंडीमुळे आत घातलेले, आणि खऱ्या घामाचा वास लागताच ते जनावर भिंतीवरून आपल्यावर येईल, या धास्तीने ते काढून टाकायला त्याचं मन धजेना. आज नको, उद्या बघू, असं करत करत दिवस गेले.

मग मरुमेळ्याचा आठवडा आला. रिसॉर्ट भरून गेलं. एका लग्नाच्या वऱ्हाडाने सगळ्या झोपड्या घेतल्या होत्या, आणि नवरदेवाला उंटावरून चौकात आणायचं ठरलं होतं. पेपी दुपारपासून सोगरे थापत होती. वागारामने केसरियाच्या डोळ्यांवर घोंगडी टाकून एकट्यानेच त्याला घुंगरं आणि गोंड्याची झूल चढवली. उंटाची दोरी खुंट्याला बांधताना केसरियाने मान हलवून घोंगडी पाडली, आणि वागाराम गाठ अर्धवट टाकून मागे पळाला. मागे वळून बघितलं तेव्हा गाठ बसल्यासारखी दिसली. दिसली, एवढंच त्याने स्वतःला सांगितलं.

चौकात चहा चालला होता. ऊन उतरलं होतं, मेहरदीन गात होता. वागाराम पाहुण्यांच्या मागे उभा होता. घुंगरांचा आवाज आला तेव्हा आधी त्याला वाटलं, कुणीतरी उंट घेऊन येतंय.

उंटाबरोबर कुणीच नव्हतं. केसरिया झोपड्यांच्या मधून एकटाच चालत येत होता, सजलेला, तोंडाला फेस, दोरी वाळूत घसटत. पळत नव्हता. त्याला घाई नव्हती. पाहुण्यांना वाटलं हा कार्यक्रमच आहे. टाळ्या पडल्या, फोन वर झाले, पोरं नाचायला लागली. केसरियाने कुणाकडे बघितलं नाही. मान डावीकडे, मग उजवीकडे, आणि मग जिथे वागाराम उभा होता तिथे येऊन थांबली.

मेहरदीनचं गाणं तुटलं. "काका," तो हळू आवाजात म्हणाला, "पळा."

वागाराम पळाला. पहिल्या झोपडीचं दार ढकललं, ते बंद. पुढचंही बंद. खऱ्या ढाणीत कोणतं दार लोटलं तरी आत जाता येतं, माणूस नसलं तरी. इथल्या प्रत्येक दाराला कुलूप होतं आणि किल्ल्या पाहुण्यांच्या खिशात. मागून घुंगरं जवळ येत होती, आता लयीत नाही, घाईने. समोर विहीर दिसली. दगडी कठडा, वर लाकडी रहाट, दोरीला पितळी घागर. वागारामने कठड्यावरून आत उडी घेतली.

पाय ताबडतोब टेकले. विहीर फोटोसाठी बांधलेली होती. आत छातीभर खोल, खाली सिमेंटचा ओटा, त्यावर चार प्लास्टिकच्या बाटल्या. इथे बुडता येत नव्हतं आणि लपताही येत नव्हतं. तो तळाशी अंग चोरून बसला, गुडघे पोटाशी, दोन्ही कोपर पोटात दाबलेले.

वर आभाळाचा निळा गोल होता. मग तो झाकला गेला. केसरियाचं डोकं आत आलं. गरम, कुजका वास आला, त्याच्या डोक्यावर फेस पडला. पिवळे सुळे कानाशी वाजले. जरा वर उठला असता, तर मान तोंडात गेली असती. तो भिंतीला चिकटून बसला. डोकं वर गेलं. त्याला वाटलं, गेला. तेवढ्यात कठड्यावर धप्प आवाज झाला. केसरिया गुडघे टेकून कठड्यावर छाती दाबत होता. उंट माणसाला मारतो ते असंच, छातीखालच्या घट्ट्याने रगडून. वरचा एक दगड सुटून वागारामच्या खांद्यावर आला. माती ढासळायला लागली.

वर आता कुणी टाळ्या वाजवत नव्हतं. एक बाई रडत होती. नरपतसिंह कुणाला तरी दोर आणायला सांगत होता. आणि वागारामच्या तोंडातून शब्द येत नव्हता, खेजडीवर आला नव्हता तसाच.

काय झालं कुणास ठाऊक, त्याचे हात आपसूक हलायला लागले. त्याने फेटा वर भिरकावला. केसरियाने तो ओठाने उडवून लावला. अंगरखं फेकलं, तेही तसंच. मग त्याने आतली बंडी काढली. जाड, हातशिवणीची, पेपीने शिवलेली. थंडी पडल्यापासून ती त्याच्या अंगावरून उतरली नव्हती, आणि या सगळ्या दिवसांच्या भीतीचा घाम तिच्यात मुरला होता. तिचा बोळा करून त्याने अंगातलं सगळं बळ लावून वर फेकला. तो रहाटाला लागून पलीकडे वाळूत पडला.

केसरिया थांबला. डोकं कठड्यावरून दूर झालं. आभाळ पुन्हा दिसलं.

मग वागारामने नुसते आवाज ऐकले. हुंगण्याचा आवाज. गुडघे टेकण्याचा आवाज. वाळूत काहीतरी रगडल्याचा, कापड फाटल्याचा, घुंगरांचा, दातांचा. बराच वेळ. तो उघड्या अंगाने सिमेंटवर बसून ऐकत होता. ते सगळं आपल्यावर चाललंय असं त्याला वाटत होतं, आणि प्रत्येक आवाजाला त्याचं अंग दुखत होतं.

शेवटी आवाज थांबले. केसरियाने मोठ्याने नाक फुरफुरवलं. पेपी कुणाला तरी दटावल्यासारखं बोलत होती. "झालं? भरलं मन? चल आता, चाल पुढे, सगळ्यांचा चहा गार केलास." घुंगरं हळूहळू लांब गेली.

मेहरदीनने त्याला हात देऊन वर काढलं आणि आपली घोंगडी त्याच्याभोवती गुंडाळली. टर उडवायला त्याच्याजवळ त्या दिवशी काही नव्हतं. वाळूत बंडीच्या चिंध्या पसरल्या होत्या. वागारामने त्यांच्याकडे बघितलं आणि तो तिथेच उलटी करायला बसला.

पाहुणे हळूहळू बोलायला लागले, मग मोठ्याने बोलायला लागले. थोड्या वेळाने नरपतसिंह आला. चेहरा अजून पांढरा होता, पण आवाज सावरलेला.

"लागलं नाही ना फार? खांदा दाखवून घेऊ." तो जरा थांबला. "वागाजी, वऱ्हाडवाले विचारतायत, हा खेळ उद्याही असेल का. त्यांची काही माणसं उद्या येणार आहेत."

वागारामने घोंगडी अंगाशी गच्च ओढून घेतली.

"नाही म्हणजे, बंडी टाकायची तेवढीच. उंटाला लांब दोर बांधून."

"बन्ना," वागाराम म्हणाला, "मला भीती वाटते."

"आज वाटणारच."

"आज नाही. पहिल्यापासून. लहान होतो तेव्हापासून. मला उंटाची भीती वाटते." बोलताना त्याचे दात वाजत होते, पण त्याने वाक्य पुरं केलं. आजूबाजूला माणसं होती. कुणीच हसलं नाही.

नरपतसिंहाने मान खाली घातली. बरंच झालं म्हणायचं, की पोरगा वाईट नव्हता. "माझं चुकलं," तो म्हणाला. "मेळा संपला की त्याला विकून टाकतो."

"विकू नका," मागून पेपी म्हणाली. ती केसरियाला बांधून आली होती, हाताला अजून पीठ होतं. "माजावरचं जनावर कुणाच्या तरी गळ्यात मारायचं आणि त्याने दुसऱ्या कुणाला तरी धरायचं. वेसण माझ्याकडे द्या. आणि पौषात याच्याजवळ पाहुणा फिरकणार नाही, हे तुम्ही बघा."

"काकीसा, तुम्ही? पाहुणे काय म्हणतील?"

"पाहुण्यांना फोटो हवा ना? लांबून काढा म्हणावं."

चाळीत आल्यावर पेपीने त्याच्या खांद्याला गरम तेल-हळद लावली. दिवेलागण झाली होती.

"दर पौषात जैसलमेरला जायचात, ते यासाठी?" तिने विचारलं.

"हो."

"ताप यायचा तो?"

"तोही."

तिने तेलाची वाटी खाली ठेवली. "मला वाटायचं, तिकडे कुणी बाई आहे."

वागारामला आधी समजलंच नाही. "कुठे?"

"जैसलमेरला. दर वर्षी त्याच दिवसांत. परत यायचात ते तोंड उतरवून, माझ्याकडे बघायचा नाहीत. काय समजायचं मी? संतू पोटात होती तेव्हा किती रडलेय त्यावर. तुमच्या बहिणीला विचारलं, ती म्हणाली पुरुषांचं असतंच काहीतरी, बोलू नकोस."

"पेपी, मी तिथे धर्मशाळेत पडून असायचो. गोधडी डोक्यावरून घेऊन."

"ते आत्ता कळतंय."

"विचारलं का नाहीस?"

"तुम्ही सांगितलंत का?"

पेपीला हसू यायला लागलं, आणि हसता हसता तिने ओढणीने डोळे पुसले. मग रागावली. तिची इतक्या वर्षांची रडारड फुकट गेली होती, त्याचा हिशेब कुणाकडे मागायचा ते तिला कळेना. दोन दिवस ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली.

वागाराम पुन्हा सांडण्यांकडे गेला. पाहुण्यांना सांडणीच्या दुधाचा चहा आवडायला लागला होता, ते काम त्याने घेतलं. केसरियाचा राग खरंच गेला होता. वागाराम समोरून गेला तर तो रवंथ थांबवत नव्हता. पण वागारामची भीती काही बंडीबरोबर फाटली नाही. उलट तिला आणखी एक जागा मिळाली. रोज सकाळी पेपी चाऱ्याची पाटी आणि पाण्याची बादली घेऊन केसरियाच्या कुंपणात शिरायची, आणि वागारामच्या हातातलं काम थांबायचं. तिचं डोकं उंटाच्या खांद्यापर्यंतही पोचत नव्हतं. गुलाबी फुगा तिच्या कानाशी लोंबायचा आणि ती त्याला बाजूला सारून वेसण तपासायची.

पहिल्या दिवशी तो स्वयंपाकघराच्या भिंतीआड उभा राहिला. दुसऱ्या दिवशी बाभळीपर्यंत आला. पुढे कुंपणापाशी येऊन उभा राहायला लागला, एक हात खांबावर. चहा हातात गार व्हायचा.

पेपीने एकदा त्याला बघितलं. "तुम्ही इथे कशाला? तुमच्या अंगाचा कंप त्याला लागतो."

"असू दे."

"तो उलटला माझ्यावर, तर काय करणार आहात?"

वागारामने खरोखर विचार केला. धावून जाईन म्हणावं असं त्याला वाटलं, पण खोटं बोलायचा त्याला आता कंटाळा आला होता.

"माहीत नाही," तो म्हणाला. "पण इथून जाणार नाही."

"बरं, मग उभे राहा," पेपी म्हणाली, आणि बादली उचलून आत गेली. ती बाहेर येईपर्यंत वागाराम खांबाला धरून तिथेच उभा होता.